बायपोलर आजार आणि पूरक गोळ्या, चूर्णं, टॉनिकं: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला गावी येणारा चाकरमानी हल्ली मिठाईच्या खोक्यासोबत आणखी एखादा डबा आणतो. ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल, अश्वगंधाच्या गोळ्या, केसांसाठीच्या गमी, जिममधली पावडर. आणणारा मायेनेच आणतो, पण घरात बायपोलरचा, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराचा, रुग्ण असला की प्रश्न सुरू होतात. खालच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात एकाच ठिकाणी होते: रोजची गोळी कोणती चालू आहे? लिथियमवाल्याला जे चालत नाही ते लॅमोट्रिजिनवाल्याला चालू शकतं, आणि उलटही. तेव्हा प्रिस्क्रिप्शनचा कागद शेजारी ठेवून वाचा.

सप्लिमेंटवर आजार आटोक्यात राहिला तर मूळ गोळी सोडता येईल का?

नाही. मूळ औषधाची जागा घेऊ शकेल असं एकही सप्लिमेंट आजवर सापडलेलं नाही. जी थोडीफार उपयोगी ठरली ती मूळ गोळीच्या जोडीला देऊन. लिथियम एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांतच उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. ‘सहा महिने सगळं ठीक आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा गोळी काम करते आहे, एवढाच असतो.

लिथियम चालू आहे. साध्या टॉनिकने त्यात काय बिघडणार?

लिथियम हे क्षार आहे आणि शरीर ते जवळपास मिठासारखंच हाताळतं. ते यकृतात मोडत नाही, थेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अंगात पाणी किंवा सोडियम कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तातला आकडा चढतो.

ही पातळी फार अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. देखभालीच्या काळात साधारण ०.६ ते ०.८, काहींना १.० मिलिमोल प्रति लिटरपर्यंत. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि वयस्कर माणसात त्याच्या खालीही दिसू शकतात. म्हणून जे जे लघवी वाढवतं, जुलाब करतं, घाम काढतं, सोडियम कमी-जास्त करतं किंवा मूत्रपिंडाला त्रास देतं, ते ते लिथियमच्या हिशेबात येतं. डब्यावर ‘हर्बल’ लिहिलं म्हणून मूत्रपिंड त्याला सूट देत नाही.

तपासणीचंही एक तंत्र आहे. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळचा डोस रक्त दिल्यावर. डोस बदलला असेल तर पाच ते सात दिवस थांबून. रक्त कोणत्या नळीत घेतात तेही बघा. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये लिथियम हेपॅरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर आकडा खोटाच चढलेला येतो. तालुक्याच्या गावात सगळ्याच लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, नमुना बाहेर पाठवतात. रिपोर्ट कधी हातात येणार ते रक्त देतानाच विचारून ठेवा.

मग मीठ कमी खायचं की जास्त?

कमीही नाही, जास्तही नाही, रोज साधारण सारखं. कोकणात हेच अवघड जातं, कारण आपलं ताट महिन्यागणिक बदलतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरात खारवलेला बांगडा, खारी सुरमई निघते आणि मीठ एकदम वाढतं. (मांडवावर नुसत्या उन्हात वाळवलेल्या बोंबलात तेवढं मीठ नसतं; खारवलेल्या मासळीचा प्रश्न आहे.) मग श्रावण लागतो, मासळी बंद, उपवास सुरू. मीठ वाढलं की लिथियम जास्त बाहेर पडून पातळी उतरते, मीठ तुटलं की चढते. या दोन महिन्यांत एखादी जादा तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

अळणी उपवास लिथियमवर करू नये. देवाला मिठाचा त्याग नको, दुसऱ्या कशाचा तरी करावा. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून डोसची वेळ आणि तपासणीची तारीख ठरवावी. दमट उकाड्यात दिवसभर पाण्याविना राहण्यात खरा धोका आहे. रक्तदाबाचं निमित्त करून कुणी ‘लो सोडियम’ मीठ घरात आणलं असेल तर तेही सांगा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

सोलकढी, ताक चालतं. फक्त कोकम आगळात मीठ भरपूर असतं हे लक्षात ठेवा. पेलाभर सोलकढीने काही होत नाही, पण मे महिन्यात रोज तीन-चार पेले आणि पावसाळा लागताच शून्य, असं नको.

उलट्या-जुलाब झाले तर?

लिथियमवाल्यासाठी ही घाई करण्याची वेळ आहे. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर तो डोस गाळा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोवर ओआरएस द्या: मोठी पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी पेल्यात असा अंदाज नको. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून दिली तर उत्तम. आजीचा हा उपाय इथे शास्त्राला धरून आहे.

बोटांना बारीक कंप अनेकांना एरवीही असतो. पण कप धरवत नाही इतका जाड कंप, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं, सारखी गुंगी, उलट्या थांबत नाहीत, यांपैकी काही दिसलं तर घरी पातळी उतरण्याची वाट पाहू नका. लाटेने मळमळून दोन-तीन दिवस उलट्या करणाऱ्या खलाशालाही हेच लागू.

इसबगोल, पित्ताची फसफसणारी पुडी, मॅग्नेशियम: यांचं काय?

इसबगोलाने लिथियम आतड्यात कमी शोषलं गेल्याच्या नोंदी आहेत. बद्धकोष्ठासाठी घेत असाल तर गोळीपासून दोनेक तास लांब ठेवा आणि एकदा सुरू केलं की धरसोड करू नका. पित्ताच्या फसफसणाऱ्या पुडीत खाण्याचा सोडा असतो. त्याने लिथियम लघवीतून जास्त जातं, पातळी उतरते. लग्नाच्या पंगतीनंतर एकदा घेतली तर ठीक, रोज रात्री नको. मॅग्नेशियम झोपेसाठी म्हणून हल्ली खूप खपतं. ऑक्साइड आणि सायट्रेट प्रकारांनी पोट ढिलं होतं, आणि जुलाब म्हणजे काय ते वर आलंच आहे.

चहा-कॉफी सोडायची का?

एकदम सोडू नका. कॅफीन लिथियम बाहेर काढतं, त्यामुळे कॉफी अचानक थांबवली की लिथियम वर चढतं. दिवसाला चार ते आठ कप कॉफी पिणाऱ्यांच्या एका छोट्या अभ्यासात ही वाढ सरासरी २४ टक्के निघाली होती. कमी करायची तर आठवड्याला एक-एक कप, आणि डॉक्टरांना सांगून.

एनर्जी ड्रिंकची गोष्ट वेगळी. २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. एका डब्याने आभाळ कोसळत नाही. पण शिमग्यात रात्र-रात्र जागून पालखीबरोबर नाचणारा, त्यावर तीन-चार डबे पिणारा तरुण बायपोलरचा असेल तर झोप आणि कॅफीन दोन्हीकडून एकाच वेळी उन्मादाला वाट मिळते. यात झोपेचा वाटा मोठा, डब्याचा दुसरा.

ओमेगा-थ्री खरंच उपयोगी आहे का?

सगळ्या यादीत ज्याच्याबद्दल थोडं बरं बोलता येईल असं हे एक. १९९९ च्या एका छोट्या चाचणीत रोज ९.६ ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेने फायदा दिसला आणि गाजावाजा झाला. नंतरच्या चाचण्या मिश्र निघाल्या. आज चित्र असं आहे: उन्मादावर उपयोग नाही; नैराश्याच्या बाजूला, मूळ गोळीच्या जोडीला, ईपीए (ओमेगा-थ्रीतला एक घटक) जास्त असलेल्या प्रकाराने थोडा फायदा होऊ शकतो. मात्रा साधारण १ ते २ ग्रॅम ईपीए रोज.

इथे डब्याची भाषा वाचता आली पाहिजे. पुढे मोठ्या अक्षरांत ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, मागे बारीक अक्षरांत ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे १ ग्रॅम ईपीएसाठी अशा पाच-सहा कॅप्सूल रोज. रोज एक कॅप्सूल घेऊन ‘आम्ही ओमेगा घेतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती तेलकट ढेकरांपलीकडे फारसं काही लागत नाही. कॉड लिव्हर ऑइलने ही मात्रा गाठायला जाऊ नका; त्यात अ जीवनसत्त्व असतं आणि ते अंगात साठतं. व्हॅल्प्रोएटने (हेही बायपोलरचंच औषध) प्लेटलेट कमी झालेल्यांनी, किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मोठी मात्रा विचारूनच घ्यावी.

आणि किनाऱ्यावर राहून कॅप्सूलसाठी महिन्याला हजार रुपये मोजण्याआधी तारली आठवा. तारली आणि बांगडा हे तेलाचे मासे. पापलेट, बोंबील यांत तेवढं तेल नाही. पावसाळ्यानंतरची चरबट तारली आठवड्यातून दोन-तीनदा, तळून नको, तिखल्यात किंवा कालवणात. त्याने चाचणीतली मात्रा भरत नाही, पण हृदयाला आणि खिशाला दोन्हीला परवडतं.

अश्वगंधा तर आपलीच. ती का नको?

सरसकट नको असं नाही, स्वतःहून नको. बायपोलरच्या रुग्णांत रोज ५०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे देऊन केलेली एक छोटी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्मरण आणि लक्ष यांच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. ते सगळे रुग्ण स्थिर होते, मूळ औषधं चालू होती, देखरेख होती.

दुसरी बाजू अशी की अश्वगंधा घेतल्यावर उन्माद आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याच्या आहेत, आणि यकृताला इजा झाल्याच्याही. लिथियमवर थायरॉइड आधीच डळमळीत असतं. थायरॉक्सिनची गोळी चालू असताना अश्वगंधा जोडली तर मात्रा जास्त होऊन धडधड, निद्रानाश, चिडचिड सुरू होते आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. क्लोनाझेपाम किंवा क्वेटियापिनसोबत गुंगी वाढू शकते. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, आधी आणि सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) व यकृताची तपासणी करून.

कौंचपाक?

हा सोडाच. कौंच म्हणजे आपल्या कुंपणावर चढणारी खाजकुयली, जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसावं लागतं. तिच्या बियांत साधारण ३ ते ६ टक्के एल-डोपा असतं, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना देतात तेच औषध. ५ ग्रॅम चूर्णात दीड-दोनशे मिलिग्रॅम सहज भरतं. एल-डोपाचं मेंदूत डोपामीन होतं आणि डोपामीन वाढवणं म्हणजे उन्मादाला, भ्रमाला आमंत्रण. वर, ओलान्झापिन, रिस्पेरिडोनसारख्या गोळ्या डोपामीनलाच अडवतात. सकाळी पाक, रात्री गोळी असा दोन्हीकडून ओढा बसतो. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत कौंचबीज, कपिकच्छू, आत्मगुप्ता अशी नावं शोधा. सगळी एकाच वेलीची.

रात्री झोपेसाठी सर्पगंधेची वटी देतात, चालेल?

चालणार नाही. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला, हा इतिहास खरा आहे. पण तिच्यातलं रिसर्पिन माणसाला खोल नैराश्यात ढकलू शकतं, हेही पुढे कळलं. बायपोलरमध्ये नैराश्याचा काळ तसाही लांबच असतो.

सेंट जॉन्स वर्ट, सॅम-ई, फाइव्ह-एचटीपी हे ऑनलाइन मिळतात...

तिन्ही नैराश्यासाठी विकली जातात, तिन्ही उन्मादाकडे ढकलू शकतात. सेंट जॉन्स वर्ट त्यात सर्वांत त्रासदायक: यकृतातली एन्झाइमं वाढवून क्वेटियापिन आणि गर्भनिरोधक गोळी दोन्हींचा असर ती कमी करते.

वजन वाढलंय. गार्सिनियाच्या कॅप्सूल घेऊ का? कोकमाच्याच जातीची आहे म्हणे.

जात तीच. कॅप्सूलमधलं झाड म्हणजे मलबार चिंच, आणि आपलं रातांबा तिचं भावंड. पण सोलकढी आणि अर्काची कॅप्सूल यांत मात्रेचा मोठा फरक आहे. कॅप्सूलमध्ये हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल ५०-६० टक्क्यांपर्यंत कोंडलेलं असतं. अशा कॅप्सूलनंतर उन्माद आल्याच्या आणि यकृत बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सोलकढी निर्धास्त प्या, कॅप्सूल ठेवून द्या.

वजन कमी करणाऱ्या इतर ‘हर्बल’ पावडरींत भेसळ म्हणून सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडत आलं आहे. हे औषध भारतात २०११ पासून बंद आहे. भूक एकदम मेली, झोप उडाली, छाती धडधडते असं झालं तर पावडर त्याच दिवशी थांबवा. ओलान्झापिन किंवा व्हॅल्प्रोएटने वाढलेल्या वजनासाठी डॉक्टर मेटफॉर्मिन देऊ शकतात. ते दीर्घकाळ चालू असेल तर बी-१२ तपासत राहा, कारण मेटफॉर्मिनने ते उतरतं. इथे बी-१२ ची गोळी खरोखर कामाची आहे.

जिममध्ये क्रिएटिन घ्यायला सांगतात.

दोन कारणांनी थांबा. नैराश्यावर क्रिएटिन देऊन पाहिलेल्या एका छोट्या अभ्यासात बायपोलरचे दोन रुग्ण उन्मादाकडे वळले. दुसरं कारण रोजच्या व्यवहाराचं: क्रिएटिनने रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं आणि लिथियमवाल्याच्या रिपोर्टवर मूत्रपिंड बिघडल्यासारखं दिसतं. मग खरं बिघडलंय की पावडरमुळे, हे शोधण्यात आठवडे जातात. व्यायामाआधीच्या ‘प्री-वर्कआउट’ पुड्यांत कॅफीन भरपूर असतं, त्या नकोत. साधं व्हे प्रोटीन चालू शकतं. पाणी नीट प्या.

गोळ्यांनी केस गळतात. बायोटिन घेऊ?

व्हॅल्प्रोएटने केस गळतात, लिथियमनेही, आणि लिथियममुळे थायरॉइड मंदावलं तर आणखी गळतात. म्हणून आधी टीएसएच. आणि गंमत अशी की केसांच्या गोळीतलं ५-१० मिलिग्रॅम बायोटिन हीच तपासणी बिघडवतं. बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटंच जास्त दिसतं. म्हणजे थायरॉइड मंद असूनही रिपोर्ट उलटं सांगतो. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. केसांच्या गमीतही ते असतं, ‘ही काही औषध नाही’ म्हणून विसरू नका.

थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. केल्प किंवा समुद्री शैवालाच्या कॅप्सूल लिथियमवर नकोत: आयोडीन आणि लिथियम मिळून थायरॉइड आणखी दाबतात.

‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी?

कमतरता असेल तर जरूर. कार्बामाझेपिन या बायपोलरच्या गोळीने ‘डी’ लवकर मोडतं, तिथे तर तपासून द्यावंच लागतं. पण ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, बहुधा आठ आठवडे. ती रोज घेतल्याचे प्रकार आपल्याकडे घडतात. ‘रविवारी’ असं पुडीवर पेनाने लिहून ठेवा. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, गोंधळ. ही लक्षणं लिथियमच्या त्रासात सहज मिसळून जातात, आणि लिथियम स्वतःही काहींचं कॅल्शियम वाढवतं.

लॅमोट्रिजिन चालू आहे आणि मल्टीव्हिटॅमिनमध्ये फॉलिक ॲसिड आहे.

विचारण्यासारखा प्रश्न आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीक्वेल नावाच्या चाचणीत क्वेटियापिनला लॅमोट्रिजिन जोडलं होतं. ज्यांना सोबत रोज ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं त्यांच्यात लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला. एकाच चाचणीवर कायमचा निकाल देऊ नये, पण कारण नसताना फॉलिक ॲसिड घेत असाल आणि लॅमोट्रिजिनचा गुण येत नसेल, तर डॉक्टरांसमोर हे मांडा. पालेभाजी सोडायची गरज नाही.

मूल हवं असणाऱ्या बाईने मात्र हे वाचून फॉलिक ॲसिड परस्पर बंद करू नये. तिथे बाळाच्या मणक्याचा प्रश्न असतो. व्हॅल्प्रोएटवर गर्भ राहिला तर धोका इतका आहे की फॉलिक ॲसिडने तो पुरेसा भरून निघत नाही. दिवस राहण्याच्या आधी, नियोजन करून औषध बदलावं लागतं.

पीसीओएससाठी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा विकार) इनोसिटॉलची पुडी लिहून दिली आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांना बायपोलरचं सांगितलं होतं का? लिथियमच्या कामाबद्दलचा एक जुना सिद्धांत असा की ते मेंदूतलं इनोसिटॉल घटवतं. मग बाहेरून ते ग्रॅमच्या मापाने देणं हे उलट दिशेचं. उन्मादाच्या तुरळक नोंदीही आहेत. लिथियमवर असाल तर दोन्ही डॉक्टरांचं बोलणं होऊ द्या. व्हॅल्प्रोएटवर असाल तर पाळी बिघडण्याचं मूळ तीच गोळी असू शकते, तेही विचारा.

हळद, मिरी, पपनस?

स्वयंपाकातली हळद-मिरी खुशाल. कॅप्सूलमधलं करक्यूमिन मात्र पिपेरिन घालून येतं, आणि पिपेरिनने कार्बामाझेपिनसारख्या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते. पपनसाचं नातं ग्रेपफ्रूटशी आहे, आणि ग्रेपफ्रूटने कार्बामाझेपिन, क्वेटियापिन वाढतं. गणपतीत आरतीनंतर दोन फोडी खाल्ल्या तर घाबरू नका, महिनाभर रोज अख्खं फळ नको.

एनएसी आणि मेलाटोनिन?

एनएसी (एन-ॲसिटाइलसिस्टीन): २००८ च्या चाचणीत रोज २ ग्रॅम, २४ आठवडे, नैराश्यात सुधारणा. नंतरच्या चाचण्यांनी ती ठामपणे उचलून धरली नाही. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, लिथियमवाल्यांनी साधी कॅप्सूल विचारावी. मेलाटोनिन २-३ मिलिग्रॅम, झोपेच्या एक-दोन तास आधी, थोड्या दिवसांसाठी; फोन बाजूला ठेवल्याशिवाय त्याचा फार उपयोग होत नाही.

ऑनलाइन ‘लिथियम ओरोटेट’ मिळतं, चिठ्ठीशिवाय.

त्याच्या गोळीत बहुधा ५ मिलिग्रॅम मूळ लिथियम असतं. डॉक्टर देतात त्या ३०० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत ते सुमारे ५६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एकट्याने घेतलं तर आजारावर अपुरं, आणि चालू गोळीच्या वर घेतलं तर हिशेबाबाहेर.

गुळवेल, नोनी, काढे, भस्मं, सांधेदुखीची पुडी?

व्हॅल्प्रोएट यकृतावर भार टाकतं, म्हणून यकृताला त्रास देणारं काहीही त्याच्यासोबत नको. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीचा काढा घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वाद चालू राहील, तोवर व्हॅल्प्रोएटवाल्यांनी रोजचा काढा टाळावा. नोनीच्या रसाबद्दलही यकृताच्या तक्रारी आहेत.

भस्मांत शिसं, पारा असू शकतो. २००८ च्या एका अमेरिकी पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं होतं. मूत्रपिंडाचं नुकसान म्हणजे लिथियमचं गणित कोलमडलं.

सगळ्यात फसवी सांधेदुखीची बिननावाची पुडी. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडने उन्माद येतो, डायक्लोफेनॅकने लिथियम चढतं. लिथियमवर असताना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं.

डब्यावर काय वाचायचं?

एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे. तसं डब्यावर छापावंही लागतं. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. दोन्ही नसेल तर घेऊ नका. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून प्रत्येक घटकाची मात्रा लपवली असेल, तरीही नको.

नवीन काही सुरू करायचंच असेल तर रीत काय?

एका वेळी एकच. दोन एकदम सुरू केली तर गुण किंवा दोष कुणाचा ते कळत नाही. सुरू करण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो डॉक्टरांना दाखवा. नावाने सांगितलं तर ‘काहीतरी व्हिटॅमिन’ एवढंच पोचतं. कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहा: किती तास झोप झाली, आणि मन दहापैकी किती. चार ते सहा आठवडे. आजार उफाळलेला असताना, डोस बदलत असताना किंवा घरात लग्न-गणपतीची जागरणं असताना काही नवीन नको.

झोप चार तासांवर आली आणि तरी थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढला, उधारीवर खरेदी सुरू झाली, रात्री दोनला माळ्यावरचं सामान काढून घर आवरायला घेतलं: दोन दिवस सलग असं दिसलं तर नवीन गोष्ट बंद, मूळ गोळी चालू, डॉक्टरांना फोन. हे रुग्णाला स्वतःला बहुधा दिसत नाही. म्हणून कॅलेंडर घरातल्या दुसऱ्या कुणालाही दिसेल अशा भिंतीवर.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नाही. विचारायचं कुणाला?

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सिंधुदुर्गासाठी ओरोस आणि रायगडासाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय. आरोग्य केंद्रावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तिथे लगेच फोन करा आणि माणसाला एकटं सोडू नका.

एखाद्या सप्लिमेंटने त्रास झाला, तर तक्रार कुठे?

औषधांच्या दुष्परिणामांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८००-१८०-३०२४. ही नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. डबा फेकू नका. बॅच क्रमांक, बिल, सुरू केल्याची आणि त्रास दिसल्याची तारीख, सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि उरलेल्या कॅप्सूल, एवढं एका पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन जा.